भारूड करणाऱ्या पोराला नाटकाच्या वर्गापर्यंत कोण नेणार?

सप्ताहाची सांगता जवळ आली की काल्याच्या आदल्या रात्री आपल्याकडे बऱ्याच गावांत भारूड होते. कीर्तनाला पेंगणारी माणसेही भारुडाला जागी राहतात. लोणार तालुक्यातल्या एका गावात मागच्या साली अशाच रात्री अकरावीतल्या एका पोराने आईचे जुने लुगडे नेसून, कपाळाला आडवे कुंकू फासून विंचवाचे भारूड केले. काय केले म्हणता! म्हाताऱ्या बाया हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या, आणि शेवटी त्याने सूर बदलला तशी तीच माणसे गप्प झाली. एवढ्या मांडवात मुलांची रड तेवढी ऐकू येत होती. सरपंचांनी १०१ रुपये दिले. एक निवृत्त गुरुजी उठून म्हणाले, "हे पोरगं नाटकाच्या कॉलेजात गेलं पाह्यजे."

त्याचा बाप मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि मधात तुरीचे तास. त्याने सरळ विचारले, "गुरुजी, नाटकाचं बी कॉलेज असते का? अन् कुठं असते?"

गुरुजींना उत्तर आले नाही. तिथे मुख्याध्यापक होते, ग्रामसेवक होते, एक प्राध्यापकही होते. कोणालाच नीट सांगता आले नाही. मीही तिथेच होतो आणि मलाही सांगता आले नाही, याची लाज वाटली. नंतर माहिती काढली. म्हणून हा लेख.

ग्रामीण पानावर बोंडअळी, पीकविमा आणि बाजारभाव सोडून नाटक कशाला, असे कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याच्या पोराने काय शिकावे हा शेतीचाच प्रश्न आहे. अडीच एकरात दोन भावांचे भागत नाही, हे आपण रोज बोलतो. मग घरातल्या एका पोराच्या अंगात काही वेगळे असेल तर त्याची वाट कुठून जाते, हे गावाला माहीत नको? कृषी पदविकेला कधी अर्ज करायचा, पोलीस भरतीला छाती किती लागते, हे पारावरचा कोणीही सांगतो. नाटकाचे तसे नाही.

तर आधी बापाच्या प्रश्नाचे उत्तर. होय, नाटकाचे शिक्षण विद्यापीठात मिळते आणि त्याची रीतसर पदवी मिळते. आपला बुलडाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली येतो. पण लोणारहून जवळ म्हणावा असा जुना, नावाजलेला नाट्यशास्त्र विभाग आहे तो छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. सुमारे दीडशे किलोमीटर. जालन्यावरून एस.टी.ने गेले तर सकाळी निघून दुपारी पोचता येते. पुण्याला विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, १९८७ साली सुरू झालेले. तिथे नाटक, संगीत आणि नृत्य गुरुकुल पद्धतीने शिकवतात आणि बारावीनंतर पदवीला प्रवेश घेता येतो. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी २००३ पासून आहे; तिथली मास्टरची पदवी दोन वर्षांची आणि आधी कोणतीही पदवी लागते. आणि सगळ्यांच्या वर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ साली स्थापन झालेले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि निवड झालेल्याला विद्यावेतन. तिथेही आधी पदवी लागते, शिवाय निदान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. अटी बदलत राहतात, त्यामुळे त्या त्या वर्षाची जाहिरात वाचूनच अर्ज भरावा.

या सहा नाटकांच्या अटीपाशी थोडे थांबू. पुण्या-मुंबईच्या पोराला सहा नाटके म्हणजे कॉलेजची तीन वर्षे. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, दरवर्षी एकांकिका असतात. लोणार, बिबी, सुलतानपूरच्या पोराने सहा नाटके कुठून आणायची? त्याने भारुडे केली आहेत, गणपतीत वग केला आहे, स्नेहसंमेलनात शिवाजी महाराज झाला आहे. यातले कागदावर काय येते? काहीच नाही. कारण गावात नाटक झाल्याचा कागद कोणी करत नाही. पत्रिका छापत नाही, प्रमाणपत्र देत नाही, फोटो काढला तर तो सरपंचांचा.

प्रवेशाची परीक्षा कशी असते तेही सांगतो. बहुतेक ठिकाणी स्वगत म्हणून दाखवावे लागते. आयत्या वेळी प्रसंग देतात, तो करून दाखवायचा. गाणे, आवाज, अंगाची हालचाल पाहतात. कुठे लेखी पेपरही असतो. मग मुलाखत. तिथे विचारतात, कोणती नाटके पाहिली? कोणती वाचली? त्यात काय आवडले आणि काय खटकले?

आपले पोर पहिल्या निम्म्या परीक्षेत शहरी पोराला हरवते. हे मी उगाच म्हणत नाही. माईकशिवाय हजार माणसांच्या मांडवात आवाज पोचवणे ही काही साधी गोष्ट नाही. भारूड करणारा पाठांतरात कच्चा नसतो आणि समोरच्या माणसाचा राग-लोभ ओळखून वाक्य फिरवणे त्याला येते. पण मुलाखतीत तो मार खातो. पाहिलेले नाटक म्हणून त्याला टीव्हीवरची मालिका आठवते. वाचलेले नाटक म्हणून पाठ्यपुस्तकातला उतारा. माझ्या ओळखीच्या एका पोराने काही वर्षांमागे अशी एक चाचणी दिली. स्वगत उत्तम झाले म्हणे. मग समोरच्या परीक्षकाने विचारले, प्रकाशयोजना म्हणजे काय? हा म्हणाला, लाईट लावणे. खोलीतले दोघे-तिघे हसले. पोरगा घामाघूम झाला, नंतरचे एकही उत्तर त्याला आले नाही. परत आला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. आता मेहकरला मोबाईलच्या दुकानात आहे. चांगले चालले आहे त्याचे, तक्रार नाही. पण हसणाऱ्यांनी त्याची काय जागा घेतली, त्यांना तरी माहीत आहे का?

म्हणजे गुण आहेत, विद्यापीठ आहे, आणि दोन्हींच्या मधात पायरी नाही. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला बारावीच्या आधी दोन वर्षे शिकवण्या लावतात. लातूरला पोरे पाठवतात, घरदार गहाण ठेवतात. नाटकाला मात्र थेट उडी मारावी लागते, आणि उडी चुकली की "अंगात कलाच नव्हती" असा शिक्का.

आता बापाचा दुसरा प्रश्न. तो त्या रात्री त्याने विचारला नाही, दुसऱ्या दिवशी काल्याचा प्रसाद घेताना विचारला. "नाटक शिकून पोट भरते का भाऊ?"

याचे उत्तर गोडगोड देऊन चालणार नाही. नट होऊन पोट भरणे अवघड आहे. सगळे 'सैराट'चे नाव काढतात. २०१६ साली तो सिनेमा आला, अकलूजची शाळकरी मुलगी रातोरात महाराष्ट्राला माहीत झाली. त्याआधी २०१३ साली 'फँड्री'तला पोरगाही असाच खेड्यातून आला होता. पण नागराज मंजुळे प्रत्येक तालुक्यात येऊन पोरे शोधत फिरणार नाहीत. तो योग होता. योगावर शेती होत नाही, तसे शिक्षणही होत नाही. आणि त्याच नादात मुंबईच्या खासगी अभिनय शाळांच्या जाहिराती पाहून कोणी एकर विकत असेल तर त्याला हात धरून थांबवा. तीन महिन्यांत हिरो करून देतो म्हणणारा माणूस आणि आठ दिवसांत दुप्पट पैसे देणारा माणूस यांत फरक करू नका. विद्यापीठाच्या विभागाची फी त्या मानाने पुष्कळ कमी असते, आणि पदवी पदवीच असते. पुढे दुसऱ्या कोणत्याही परीक्षेला बसायला ती चालते.

पण नाटक म्हणजे फक्त नट हे आपले जुने अज्ञान आहे. नाटकाच्या पदवीत नेपथ्य असते, म्हणजे रंगमंचावरचे घर, अंगण, झाड उभे करणे. प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा असते. आणि रंगमंचाची व्यवस्था पाहणे असते, म्हणजे पन्नास माणसे, दोन टेम्पो सामान आणि एक तारीख यांचा मेळ घालणे. ज्याने घरची तीन लग्ने पार पाडली त्याला हे काम काय असते ते सांगावे लागणार नाही. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या गावात मंडप-साऊंडवाला आहे. त्याच्याकडे मिक्सरवर बसणारे पोरगे आठवा. आवाज कधी वाढवायचा हे त्याला हाताने कळते. का वाढवायचा, कधी मुळीच वाढवू नये, एका दिव्यात रात्र कशी दाखवायची, हे विद्यापीठात शिकवतात. त्या शिकलेल्या पोराला नाटक, मालिका, सिनेमा, सभा-समारंभ, संग्रहालये, शाळांची शिबिरे, कुठेही काम मिळू शकते. मिळेलच अशी हमी मी देत नाही. बी.ए., बी.कॉम. झालेल्यालाही ती कोण देतो?

पूर्व विदर्भाकडे पाहा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या झाडीपट्टीत धान निघाले की दिवाळीनंतर नाटके सुरू होतात. वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत, गावे तिथे जाऊन नाटक ठरवतात, तिकीट लावतात. शंकरपट आणि नाटक एकाच मोसमात. रात्रभर प्रयोग चालतो आणि माणसे पैसे देऊन बसतात. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या भागात नाटक हा हंगामी धंदा आहे, धानाच्या पैशावर चालणारा. त्यात उधारी आहे, बुडणे आहे, दारूही आहे, सगळे आहे. पण नट, पेटीवाला, पडदेवाला, टेम्पोवाला अशी कितीतरी घरे त्यावर चालतात. आपल्या पश्चिम विदर्भात सोयाबीन दसऱ्याच्या आधी निघते आणि नंतर पैसा मोबाईलमध्ये जातो. असो. झाडीपट्टी उचलून लोणारात आणता येणार नाही, पण नाटकाला शेतकरी पैसे देत नाही हे खोटे आहे एवढे तिने दाखवले आहे.

आणखी एक माणूस सांगतो. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडी या खेड्यातले वामन केंद्रे. १९८२ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून बाहेर पडले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या त्याच थिएटर आर्ट्स अकादमीचे प्रमुख झाले आणि २०१३ ते २०१८ या काळात ज्या विद्यालयात विद्यार्थी होते त्याचेच संचालक. २०१९ साली पद्मश्री. बीडचा दुष्काळ आपल्यापेक्षा काही कमी नाही. एक उदाहरण दिले म्हणजे वाट झाली असे होत नाही, हे मलाही कळते. परंतु खेड्यातला माणूस तिथे पोचतो हे पोरांना माहीत तरी असावे.

आता माझे म्हणणे. लोणार तालुक्यात अकरावी-बारावीच्या पोरांसाठी नाटकाचा पूर्वतयारी वर्ग सुरू व्हावा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, तीन तास, दोन वर्षे. इमारत बांधायची नाही, पद भरायचे नाही, निविदा काढायची नाही. शाळेची एक मोठी खोली, सतरंजी आणि दोन दिवे.

शिकवणार कोण, हा पहिला प्रश्न येतो. याचे उत्तर पंचायत समितीच्या कपाटात आहे. वृद्ध कलावंतांना शासन मानधन देते, ही योजना फार जुनी आहे. २०२४ पासून हे मानधन महिना ५,००० रुपये झाले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले. या योजनेचे अर्ज वर्षानुवर्षे पंचायत समितीतून वर जात आले आहेत. म्हणजे तालुक्यातले भारूडकार, गोंधळी, शाहीर, वाघ्या-मुरळी, कलापथकात काम केलेले, जलशात गायलेले, सगळ्यांची नावे, गावे आणि वये एका यादीत आहेत. आपण त्या यादीकडे फक्त पैसे वाटायची यादी म्हणून पाहतो. खरे म्हणजे ती शिक्षकांची यादी आहे. यातल्या माणसांना महिन्यातून एक रविवार बोलवा. जाण्या-येण्याचे भाडे द्या, दुपारचे जेवण द्या, मान द्या. संबळ कशी बोलते, पल्लेदार आवाज कुठून निघतो, गण झाल्यावर गवळण का येते, हे त्यांच्यासारखे पुण्यातला प्राध्यापकही सांगू शकणार नाही. आणि ही माणसे आता फार वर्षे राहणार नाहीत. यादीतली नावे दरसाल कमी होतात, तेव्हा आपण म्हणतो "एक प्रकरण बंद झाले."

वाचनाचे काय? आपल्या तालुक्यात शासनमान्य ग्रंथालये आहेत, कुठे 'ब' वर्गातले, कुठे 'क', कुठे 'ड'. पुस्तकखरेदीचे पैसे येतात. कपाटात कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, दिवाळी अंक. नाटके शोधावी लागतात. एका वर्षी फक्त दहा नाटके घ्या. महात्मा फुल्यांचे 'तृतीय रत्न' घ्या, १८५५ सालचे. शेतकऱ्याला जोशीबुवा कसा नाडतो त्याचे नाटक आहे. प्रेमानंद गज्वींचे घ्या. आणि महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' तर घ्याच. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. नाटकातले घर आपल्याच विदर्भातल्या खेड्यातले, शेती बसत चाललेली, बाप गेला आहे, तेराव्याचा खर्च कसा करायचा यावरून भावाभावांत कुरबुर, आणि अंगणात एक ट्रॅक्टर नुसता गंजत पडला आहे. हे नाटक पोरांना मोठ्याने वाचायला लावा आणि बापांना मागे बसवा. ट्रॅक्टर आला की बापही पुढे सरकून बसतील. १९८५ साली ते मुंबईत रंगमंचावर आले आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी त्याच्या पुढच्या दोन भागांसह एका दिवसात तिन्ही नाटके केली. हे चंद्रकांत कुलकर्णी औरंगाबादच्या 'जिगीषा' या तरुणांच्या संस्थेतून पुढे आलेले. म्हणजे त्या दीडशे किलोमीटरवरच्या गावातूनच. मुलाखतीत "कोणते नाटक वाचले" असे विचारल्यावर आपल्या पोराला घरातले नाटक सांगता आले पाहिजे.

महाविद्यालयांनाही यात जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत, त्यात सादरीकरणाच्या कलाही धरल्या आहेत. २०२३ च्या एप्रिलमधल्या शासन निर्णयात ते लिहिलेले आहे. बहुतेक ठिकाणी हे श्रेयांक राष्ट्रीय सेवा योजना आणि खेळावर भागवले जातात, कारण सोपे पडते. प्राचार्यांनी मनावर घेतले तर वर्षात दोन एकांकिका याच श्रेयांकांत बसतात. तीन वर्षांत सहा. दिल्लीची अट लोणारात बसून पूर्ण झाली की नाही? फक्त प्रत्येक प्रयोगाची पत्रिका छापा, तारीख टाका, पोरांची नावे टाका, आणि पडद्यामागे काम केलेल्यांची नावेही टाका. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा असते, बालनाट्य स्पर्धा असते, विद्यापीठाचा युवक महोत्सव असतो. तिथे हरायला जा. हरलेल्या प्रयोगाचेही प्रमाणपत्र मिळते.

विषय कुठून आणायचे? लोणारच्या पोराने हा प्रश्न विचारू नये. लवणासुराची गोष्ट आपल्या पायाखाली आहे. दैत्यसूदनाच्या मंदिराच्या भिंतींवर एवढी पात्रे उभी आहेत की दहा नाटकांची वेशभूषा त्यावरून बेतावी. सरोवराचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा देशभरची वार्ताहर मंडळी धावली. त्याच साली सरोवर रामसर यादीत गेले. पर्यटक येतात, काठावरून पाहतात, फोटो काढतात आणि तासाभरात निघून जातात. त्यांना संध्याकाळी गावात थांबवायला काय आहे? सरोवर अभयारण्य आहे, २००० सालापासून. तिथे दिवे-भोंगे लावून तमाशा करू नये, हे आधीच सांगून ठेवतो, नाही तर उद्या कोणी तीच योजना घेऊन येईल. पण गावात, एखाद्या पटांगणात, पाऊण तासाचे नाटक का होऊ नये? शिकलेली चार पोरे परत आली तर ते होईल. शिकलेली नसतील तर पुन्हा भोंगेच होतील.

ग्रामपंचायतीने आणि महसूलवाल्यांनी एकच करावे. नाटकाच्या विभागांच्या जाहिराती बारावीच्या निकालाच्या आगेमागे येतात आणि मुदत थोडी असते. तेव्हा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांसाठी पोरगे सेतूत फेऱ्या मारत असते. तलाठी म्हणा, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, त्यांनी आणि ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, बारावीची परीक्षा संपताच गावातल्या सगळ्या पोरांची एक बैठक घेऊन कागद मार्गी लावावेत. हे नाटकासाठीच नाही, कशासाठीही उपयोगी आहे. शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या पोरांना वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. पण आपण निवडलेला अभ्यासक्रम यादीत बसतो का, हे अर्ज भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. पदवी एका विद्यापीठाची आणि पुढचे शिक्षण दुसऱ्या विद्यापीठात असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. तेही वेळेत मागा. दोन विभागांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या तालुक्याला हे नेहमीचेच दुखणे आहे.

मुलींबद्दल लिहायचे टाळणार होतो, कारण सगळ्यात अवघड तेच आहे. आपल्या भारुडात लुगडे नेसतो तो पोरगा. मुलगी मांडवात पुढे आली की लोक "कोणाची आहे" हे आधी विचारतात. नाटकाला जाते म्हटले की सोयरिकीला अडचण येईल, ही भीती खोटी नाही. मी स्वतः दोन घरांत हे ऐकले आहे, आणि त्यातले एक घर शिकलेल्यांचे होते. यावर भाषण देऊन उपयोग नाही. वर्ग दिवसाउजेडी असावा, शाळेत असावा, शिकवणाऱ्यांत एक बाई असावी, आणि पहिल्या दिवशी आयांना बोलवावे. नेपथ्य, वेशभूषा, लेखन यांत मुली आधी येतील, मग पुढे येतील. एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेत एका मुलीने जोतिबांच्या सावित्रीचे स्वगत म्हटले तेव्हा तिच्या आजीने उठून तिची दृष्ट काढली होती, भर कार्यक्रमात. तेव्हा माणसे वाटतात तितकी कठोर नाहीत.

त्या भारूडवाल्या पोराचे काय झाले ते सांगतो. त्याला मी 'वाडा चिरेबंदी' दिले. पंधरा दिवसांनी परत घेऊन आला. आवडले का विचारले तर म्हणाला, "ते ट्रॅक्टर कायले ठेवलं त्यायनं? विकून टाकायचं ना." मी म्हटले, हेच मुलाखतीत सांग, आणि त्यांनी का विकले नाही तेही सांग. तो विचार करत बसला. पुढच्या उन्हाळ्यात तो बारावी होईल आणि संभाजीनगरची चाचणी देणार आहे. बाप म्हणतो, "एक डाव पाहू. नाही जमलं तं बी.ए. आहेच." सहा-सात पोरे आता रविवारी त्याच्यासोबत जमतात, दोन मुली धरून. एका म्हाताऱ्या गोंधळ्यांनी यायचे कबूल केले आहे, भाडेही नको म्हणाले.

खोलीचा मात्र पेच आहे. रविवारी शाळा बंद असते आणि किल्ली शिपायाजवळ असते. लेखी आदेशाशिवाय तो उघडत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. सध्या पोरे मारुतीच्या पारावर बसतात. गेल्या रविवारी वानरांनी दोन पाने पळवली. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक या महिन्यात आहे. त्या बैठकीत किल्लीचा ठराव घ्यावा.